भारताच्या फुटबॉल संघामागे उभं राहणं : नागपुरात आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही नागपुरातले पंधरा-वीस जण भारताच्या फुटबॉल संघाचे चाहते आहोत. कोणी कामठीचा, कोणी इंदोऱ्याचा, दोघी प्रतापनगरच्या, मी गिट्टीखदानचा. निळी जर्सी घालून टपरीवर चहाला थांबलो की बाजूचा माणूस काहीतरी विचारतोच. प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात, पण उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो आहे. लिहिणारा मी एकटा, त्यामुळे मतं माझी समजा.

टीम इंडिया म्हणजे क्रिकेटची ना? फुटबॉलची पण आहे का?

आहे, आणि जुनी आहे. क्रिकेटमध्ये भारताने पहिली कसोटी जिंकली ती फेब्रुवारी १९५२ मध्ये, मद्रासला. त्याच्या जवळपास वर्षभर आधी, मार्च १९५१ मध्ये, दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत आपल्या फुटबॉल संघाने इराणला १-० असं हरवून सुवर्णपदक घेतलं होतं.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो. तिथे यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, त्यातले तीन गोल मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाचे. १९६२ ला जकार्तात पुन्हा आशियाई सुवर्ण. अंतिम सामन्यात दक्षिण कोरिया समोर, स्टेडियम भारताच्या विरोधात ओरडणारं, आणि आपला बचावपटू जर्नेल सिंग डोक्याला टाके पडलेले असताना फॉरवर्ड म्हणून खेळला. एक गोल पी. के. बॅनर्जींनी केला, दुसरा जर्नेलने. या तिन्ही संघांचे प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. जकार्तानंतर वर्षही झालं नव्हतं, तेव्हा ते कर्करोगाने गेले.

हे ऐकल्यावर समोरचा "काय सांगता!" म्हणतो. मला त्याचा राग येत नाही. शाळेत मलाही हे कोणी सांगितलं नव्हतं.

पण आता तर हरतेच ना टीम. मग कायले पाहता?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि "कायले" हा शब्दही बहुतेक वेळा असाच येतो.

माझं सांगतो. जानेवारी २०११. दोहाला आशिया चषक चालू होता. भारत त्या स्पर्धेत २७ वर्षांनी खेळत होता. ऑस्ट्रेलियाने ४-० हरवलं, बहारीनने ५-२. तिसरा सामना दक्षिण कोरियाशी. मामाच्या घरी गेलो होतो. मामा त्याच्या उमेदीत गोली होता, बिशप कॉटनच्या मैदानावर खेळलेला, उजव्या हाताचं एक बोट तेव्हापासून वाकडं. गार हवा, अंगणात शेकोटी पेटवलेली, आणि मामा आत टीव्हीसमोर एकटा बसलेला. मी आत गेलो तोवर नऊ मिनिटांत कोरियाचे दोन गोल झाले होते. मग सुनील छेत्रीने पेनल्टी मारली, २-१. मामा उठून उभा राहिला आणि नंतर बसलाच नाही.

शेवटी ४-१ हरलो. चौथा गोल अठरा वर्षांच्या एका पोराचा होता, सोन ह्युंग-मिन. पुढे हा पोरगा जगात नाव काढेल हे तेव्हा आम्हाला काय माहीत! आम्ही पाहत होतो आपल्या सुब्रत पालला. कोरियाचे फॉरवर्ड येत होते, मारत होते आणि हा गोली कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी पायाने, कधी छातीने चेंडू अडवत होता. मामा प्रत्येक वेळी स्वतःचे हात पुढे करायचा. सामना संपला तेव्हा म्हणाला, "हा नसता तर दहा झाले असते बे. याला म्हणतात गोली."

त्या रात्री मी या संघाचा झालो. चार गोल खाऊनही उठून उभा राहणारा आपला एक माणूस पाहिला आणि तो पुढच्या सामन्यात काय करतो हे पाहायची ओढ लागली. ती ओढ अजून तशीच आहे.

जिंकणंही नशिबात नव्हतं असं नाही. ६ जानेवारी २०१९ ला आशिया चषकात थायलंडला ४-१ हरवलं. त्याच वर्षी १० सप्टेंबरला दोहामध्ये आशियाचा विजेता कतार, त्यांचंच मैदान, छेत्री आजारी म्हणून बाहेर, आणि सामना ०-०. गुरप्रीत सिंग संधूने त्या दिवशी गोलमध्ये जे केलं ते पाहून मी मामाला फोन लावला. तो आधीच दुसऱ्या कोणाशी तेच बोलत होता. ४ जुलै २०२३ ला बंगळुरूत कुवेतला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून दक्षिण आशियाई देशांचा सॅफ चषक घेतला, तेव्हा स्टेडियमभर 'वंदे मातरम' घुमत होतं.

१९५० चा वर्ल्डकप बूट नव्हते म्हणून हुकला, हे खरं आहे का?

नाही. गोष्ट ऐकायला चांगली आहे म्हणून टिकली. पात्रता गटातले बाकीचे देश माघारी गेले, त्यामुळे भारताला ब्राझीलचं तिकीट मिळालं होतं. न जाण्याचं कारण देताना भारतीय फुटबॉल महासंघाने संघनिवडीवरचे मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ, असं सांगितलं. लांबचा बोटीचा प्रवास होता, आणि त्या काळी आपल्याकडे ऑलिंपिकचं महत्त्व वर्ल्डकपहून मोठं मानलं जायचं. अनवाणी खेळण्याचा भाग खरा, पण तो १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा. तिथे आपले बहुतेक खेळाडू बुटांशिवाय खेळले आणि फ्रान्सकडून २-१ असे हरले. त्या सामन्यात भारताने दोन पेनल्ट्या वाया घालवल्या. माझ्या मते बुटांपेक्षा त्या दोन पेनल्ट्यांवर जास्त बोललं जायला हवं होतं.

नागपुरात जामठ्यासारखं स्टेडियम आहे. क्रिकेट सोडून हे कशाला?

सोडलं कोणी? आमच्यातले निम्मे जण जामठ्याला सामना असला की वर्धा रोडवरच्या गर्दीत असतात. घरात दोन लेकरं असली की एकाचे लाड जास्त होतात. म्हणून दुसऱ्याला जेवायला वाढायचं नाही, असं कोणी करत नाही.

मग मँचेस्टर, लिव्हरपूल, बार्सिलोना यांचे चाहते तुम्हाला आवडत नाहीत का?

तसं मुळीच नाही. आमच्यात एक जण लिव्हरपूलचा आहे. २००५ च्या इस्तंबूलच्या चॅम्पियन्स लीग फायनलची गोष्ट त्याला तोंडपाठ आहे. मिलान मध्यंतराला ३-० ने पुढे, मग ३-३, मग पेनल्ट्या. आपल्याकडे सामना सुरू झाला तोच मध्यरात्र उलटून गेल्यावर, आणि मे महिन्यातल्या नागपूरच्या उकाड्यात त्याने तो कूलरजवळ खुर्ची ओढून पाहिला. अशा माणसाला निष्ठा शिकवायची गरज नसते.

माझं म्हणणं एवढंच की त्या संघांना आपण दुरून पाहतो. आपण आलो काय, न आलो काय, लिव्हरपूलचं अ‍ॅनफिल्ड मैदान भरणारच. इथे तसं नाही. १ जून २०१८ ला मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने तैवानला ५-० हरवलं. छेत्रीने तीन गोल केले. पाहायला माणसं किती? २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने मोबाइलसमोर उभं राहून हात जोडले. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियममध्ये या, असं त्याचं सांगणं होतं. ४ जूनला केनियाविरुद्ध, धो धो पावसात, सगळी तिकिटं संपली होती. तो छेत्रीचा शंभरावा सामना होता. संघाच्या कर्णधाराला हात जोडावे लागतात याचं मला वाईट वाटलं, आणि दोन दिवसांत लोक आले याचं बरं वाटलं. मी त्या वेळी नागपुरातच बसून होतो. पुढच्या वेळी जायचंच, हे तेव्हा ठरलं.

मग गेलात का?

गेलो. ६ जून २०२४, कोलकाता, सॉल्ट लेक स्टेडियम, समोर कुवेत. छेत्रीने निवृत्ती जाहीर केली होती आणि हा त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना म्हणून सांगितला होता. मामाचं वय तोवर पासष्टच्या पुढे गेलेलं. "मी नाही येत, गुडघे दुखतात," म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच फोन आला, "माझं तिकीट काढलं का नाही?"

नागपूर मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे, हे आमचं मोठं नशीब. संध्याकाळी गीतांजलीत बसलो की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हावडा. सोबत मामीने दिलेले पराठे आणि लोणचं, स्लीपरच्या डब्यात जूनचा गरम वारा. रायगढ-बिलासपूरकडचा एक मुलगा आमच्या जर्स्या पाहून येऊन बसला, तोही तिकडेच चालला होता.

स्टेडियममध्ये जवळपास ५९ हजार लोक होते. मी आयुष्यात एवढा आवाज ऐकला नव्हता. सामना ०-० सुटला. जिंकायला हवा होता, विश्वचषक पात्रतेच्या पुढच्या फेरीचं सगळं त्यावर होतं. शेवटची शिट्टी वाजली आणि छेत्री मैदानाला फेरी मारत आमच्या बाजूला आला. हात जोडलेले, डोळ्यांतून पाणी. १५१ सामने, ९४ गोल. त्या दिवशी खेळत असलेल्या जगातल्या खेळाडूंमध्ये रोनाल्डो आणि मेसी सोडले तर देशासाठी एवढे गोल कोणाचे नव्हते. २००५ ला क्वेट्टामध्ये पाकिस्तानविरुद्ध पहिला गोल करणारा वीस वर्षांचा पोरगा १९ वर्षांनी असा समोर उभा होता. मामा काही बोलला नाही. त्याने फक्त ते वाकडं बोट असलेला हात वर केला आणि छेत्री बोगद्यात जाईपर्यंत खाली घेतला नाही.

मार्च २०२५ मध्ये छेत्री परत आला, शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. लोक म्हणाले, मग कोलकात्याला रडलात ते वाया गेलं. मला तसं वाटत नाही. ती रात्र जशी होती तशीच माझ्याजवळ आहे.

कोलकात्याला सामना असला तर जायचं कसं?

रेल्वेचं वर सांगितलंच. आता हावड्याहून मेट्रो थेट जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये मधला सियालदह-एस्प्लनेड टप्पा सुरू झाल्यापासून गाडी बदलावी लागत नाही आणि स्टेडियमच्या नावाचंच स्टेशन आहे. सामना संपल्यावर लगेच स्टेशनकडे पळू नका, गर्दी ओसरू द्या. परतीचं आरक्षण त्याच रात्रीचं करू नका. हे आम्ही एकदा केलं आणि दुसऱ्या अर्ध्या भागात सगळं लक्ष घड्याळात गेलं.

पहिल्यांदा एकटे जात असाल तर ब्लू पिलग्रिम्सच्या बाजूला जाऊन उभे राहा. २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्डकपच्या वेळी उभा राहिलेला हा चाहत्यांचा गट आहे. ढोल, घोषणा, टाळ्या, सगळं तिथे असतं आणि अनोळखी माणसाला ते लोक लगेच सामावून घेतात.

सगळ्यांत जास्त कुठला पराभव लागला?

११ जून २०२४. कोलकात्याहून येऊन तीन दिवस झाले होते. दोहामध्ये कतारशी सामना. छांगटेने ३७ व्या मिनिटाला गोल केला आणि आम्ही मानेवाड्याच्या गच्चीवर वेडे झालो. जिंकलो असतो तर विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत भारत पहिल्यांदाच गेला असता. ७३ व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेच्या बाहेर गेला. आपला गोली थांबला, बचाव थांबला. कतारच्या खेळाडूने बाहेर गेलेला चेंडू पायाने आत ओढला आणि दुसऱ्याने गोल मारला. रेफ्रीने गोल दिला. त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासायची सोय, नव्हती. पुढे दुसरा गोल झाला आणि २-१ हरलो.

गच्चीवर कोणीच काही बोललं नाही. कोणीतरी प्रोजेक्टर बंद केला. मला आजही तो चेंडू पांढऱ्या रेषेच्या पलीकडे दिसतो.

दुसरा, १४ ऑक्टोबर २०२५, मडगाव. सिंगापूरविरुद्ध घरच्या मैदानावर एक गोलने पुढे होतो, १-२ हरलो आणि २०२७ च्या आशिया चषकाचा रस्ता बंद झाला. इथे रेफ्रीला बोल लावायला जागा नव्हती. आपण वाईट खेळलो. चाहता असणं म्हणजे हे कबूल न करणं, असं मी मानत नाही. कतारच्या वेळी अन्याय झाला, मडगावला नाही. दोन्ही वाक्यं तेवढ्याच मोठ्याने म्हणता यायला हवीत.

महासंघावर टीका करता का?

करतो, संघ आपला आहे म्हणून जास्तच करतो. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने भारताला निलंबित केलं, कारण महासंघाचा कारभार बाहेरच्या हातात गेला होता. अकरा-बारा दिवसांनी ते मागे घेतलं, पण तेवढ्या दिवसांत ऑक्टोबरमध्ये भारतात होणारा मुलींचा १७ वर्षांखालील वर्ल्डकप जातो की काय अशी वेळ आली होती. खेळणाऱ्या पोरींचा यात काय दोष?

फिफा क्रमवारी पाहा. मार्च २०१५ मध्ये १७३, जुलै २०२३ मध्ये पहिल्या शंभरात, २०२५ संपताना १४२. एवढं चढून एवढं खाली येण्याचं खापर अकरा खेळाडूंवर फोडता येत नाही. प्रशिक्षक बदलत राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील आले. छोट्या ऐझॉल क्लबला २०१७ मध्ये आय-लीग ही देशातली लीग जिंकून देणारे हेच. १३ वर्षांनी भारताला भारतीय पूर्णवेळ प्रशिक्षक मिळाला, आणि पहिल्याच स्पर्धेत, सप्टेंबरमध्ये, ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक आला. ओमानला आपण त्याआधी कधीच हरवलं नव्हतं. त्यानंतर सव्वा महिन्यातच मडगाव झालं. अशा वेळी मी माणसाला वेळ देण्याच्या बाजूचा आहे.

क्युरासाओ वर्ल्डकपला जातो, १४० कोटींचा भारत का नाही?

क्युरासाओ हे कॅरिबियनमधलं छोटं बेट, लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या नागपूर शहराची २४ लाख होती. त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण फुटबॉल लोकसंख्येने खेळला जात नाही. क्युरासाओच्या संघातले बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मले आणि तिथेच घडले. उझबेकिस्तान पहिल्यांदा २०२६ च्या वर्ल्डकपला पात्र ठरलं, त्यांनी आधी कुमार गटांवर वर्षानुवर्षं मेहनत घेतली आणि मगच मोठ्या संघाला फळ आलं.

आपल्याकडे दहा वर्षांच्या पोराला वर्षात किती खरे सामने मिळतात, हा मोजायचा आकडा आहे. गिट्टीखदानच्या माझ्या ओळखीतल्या एका मुलाला गेल्या वर्षी सात मिळाले. सात सामन्यांत कोणता खेळाडू घडतो?

परदेशातल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना का घेत नाहीत?

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, आणि भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्ट लागतो. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भागत नाही. रायन विल्यम्सने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. असा निर्णय घेणाऱ्याला मनापासून आपलं म्हणावं. पण त्यांच्याच भरवशावर संघ उभा राहणार नाही.

महिला संघालाही पाठिंबा देता का?

नक्कीच. आणि याचं उत्तर "हो, त्यांनाही" अशा सुरात द्यायला मला आवडत नाही. ५ जुलै २०२५ ला चियांग माईत आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून आशिया चषकात जाण्याची भारताची ती पहिलीच वेळ. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये नवी मुंबईत, स्वतःच्या घरी, कोविडमुळे खेळाडू पुरेसे उरले नाहीत म्हणून भारताला स्पर्धेतूनच बाहेर पडावं लागलं होतं. ते आठवलं तर चियांग माईचं मोल कळतं. प्रतापनगरच्या आमच्या दोघी त्या दिवशी एवढ्या ओरडल्या की खालच्या काकू वर आल्या आणि मग शेवटपर्यंत थांबल्या.

नागपुरात फुटबॉल आहे तरी का?

हे विचारणाऱ्याला मी सरळ गाडीवर बसवून नेतो.

सदरला बिशप कॉटनच्या मैदानावर जिल्हा संघटनेचे लीगचे सामने होतात. राहुल क्लब, यंग मुस्लिम, कामठीचा रब्बानी क्लब ही नावं इथल्या जुन्या लोकांना वर्तमानपत्राच्या मथळ्यासारखी पाठ आहेत. रब्बानी आणि यंग मुस्लिम समोरासमोर आले की मैदानाच्या कडेने उभं राहायला जागा नसते. कामठी छावणीचं गाव, तिथे चेंडू पिढ्यान्पिढ्या घरात आहे. आजोबा हाफ, बाप बॅक, पोरगा विंगर, अशी घरं मी पाहिली आहेत. मैदानावर गवत कमी, धूळ जास्त. उन्हाळ्यात ऊन उतरल्याशिवाय चेंडूला पाय लावता येत नाही. पण कडेला उभा असलेला म्हातारा "अबे, विंगले दे ना!" असं ओरडतो तेव्हा त्याचं म्हणणं दहापैकी नऊ वेळा बरोबर असतं.

आणखी एक गोष्ट. हिस्लॉप कॉलेजमध्ये क्रीडा शिकवणारे विजय बारसे यांनी पावसात झोपडपट्टीतल्या पोरांना फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिलं आणि त्यांच्यासाठी स्पर्धा सुरू केली. ते २००१ साल. त्यातून उभ्या राहिलेल्या स्लम सॉकरला २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. म्हणजे फिफाच्या व्यासपीठावर नागपूरचं नाव पोचून झालं आहे. पोचायचा राहिला आहे तो इथला खेळाडू. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्डकप संघात होता. त्याच स्पर्धेत जॅक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध भारताचा वर्ल्डकपमधला पहिलावहिला गोल केला. निळ्या जर्सीत नागपूरचं पोरगं किंवा पोरगी पाहायची माझी इच्छा आहे, आणि त्यासाठी निळी जर्सी घालून टीव्हीसमोर बसणं पुरत नाही. भारताचा सामना वर्षातून दहा-बारा दिवस. बाकीच्या दिवसांत जवळच्या मैदानाच्या कडेला उभं राहायला हवं.

सामने कुठे पाहता?

मानेवाड्याला एकाच्या गच्चीवर. पडदा, प्रोजेक्टर, दोन कूलर. कूलरमध्ये पाणी भरायची पाळी ठरलेली असते. खायला चिवडा, आणि जिंकलो तर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मिळून तर्री-पोहे. हरलो तरी पोहे होतात, फक्त सहा-सात जण येतात. नियम एकच : शेवटची शिट्टी वाजेपर्यंत कोणी उठायचं नाही. १५ ऑक्टोबर २०१९ ला कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध आदिल खानने ८८ व्या मिनिटाला बरोबरी केली तेव्हा आमच्यातले दोघे जिन्यावर होते. नियम त्या रात्रीचा आहे.

ऑफसाइड समजत नाही. चालेल का?

चालेल. तीन-चार सामने शेजारी कोणी जाणकार घेऊन बसा, आपोआप समजतं.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. भारत हरला की रडते. तिला सामने दाखवावे की नाही?

हा प्रश्न मला गेल्या वर्षी आमच्याच एकीने विचारला, सिंगापूरच्या सामन्यानंतर. मुलगी झोपली नव्हती, उशीत तोंड खुपसून बसली होती. मी काही सांगू शकलो नाही, म्हणून मामाला विचारलं.

मामा म्हणाला, "रविवारी तिले घेऊन या."

रविवारी सकाळी ती आईबरोबर बिशप कॉटनवर आली. मामा कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. मैदानावर चौदा वर्षांखालच्या पोरांचा सामना चालू होता आणि एक गोली, उंचीने जरा कमीच, तीन गोल खाऊन उभा होता. चौथ्यांदा फॉरवर्ड एकटा त्याच्यासमोर आला. पोरगा पुढे धावला, पायांत पडला आणि चेंडू पोटाशी धरून ठेवला. मामाने तिला विचारलं, "पाहिलं का काय केलं त्यानं?" ती म्हणाली, "तो पळून नाही गेला."

आता ती बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी सरावाला येते. हातमोजे मोठे होतात, मनगटाला रबर लावून घालते. सामने सगळे पाहते. परवा हरलो तेव्हाही रडली, आणि रडतारडताच तिने विचारलं की पुढचा सामना कधी आहे.